पाण्याच्या बाटलीला कातड्याचं कव्हर: घरच्या घरी, हातशिलाईनं

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो: बाटली कव्हरमधून बाहेर निघाली पाहिजे. कातड्यात कायमची शिवून टाकलेली बाटली फोटोत देखणी दिसते, पण पुण्याचा पावसाळा तिला मानवत नाही. धातू आणि कातडं यांच्यामध्ये ओल अडकते, आतल्या बाजूनं बुरशी धरते आणि बाहेरून काहीच कळत नाही. वास यायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून इथे सांगतोय ते कव्हर वरून उघडं आहे, तळाला पाणी निथळायला भोक आहे आणि वर एक वादी, म्हणजे कातड्याची अरुंद पट्टी, बाटलीला धरून ठेवते. संध्याकाळी घरी आलात की वादी सोडायची, बाटली काढायची, दोन्ही वेगवेगळं वाळू द्यायचं.

पाणी वाहायला कातडं वापरणं आपल्याकडे नवं नाही. विहिरीवरची मोट कातड्याची होती, पखाल कातड्याची होती, तेला-तुपाचे बुधले कातड्याचे होते. कातडं कमावायचं काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजानं केलं आणि त्याच्या वस्तू चर्मकार समाजानं घडवल्या. आज आपण पाणी स्टीलमध्ये ठेवणार आहोत, कातडं फक्त बाहेरून. पण आरी (भोकं पाडायचा टोचा), रापी (कातडं कापायची सुरी), वादी ही अवजारं आणि शब्द त्यांच्याच कामातून आलेत, हे काम करताना लक्षात असू द्या.

बाटली कोणती घ्यायची

सरळ गोल, स्टेनलेस स्टीलची, मध्ये कुठेही कंबर किंवा खाचा नसलेली. पहिल्या कामाला ७५० मिलीची पुरे. पुढची सगळी मापं मी ७३ मिमी व्यासाची आणि खांद्यापर्यंत १९० मिमी उंचीची बाटली धरून दिली आहेत. तुमची वेगळी असेल तर हिशेब कसा करायचा ते खाली आहेच.

एकेरी पत्र्याची बाटली हलकी असते, पण तिच्यात फ्रीजचं पाणी भरलं की बाहेरून घाम फुटतो आणि कातडं आतून भिजतं. माठातलं पाणी नेत असाल तर एकेरी चालेल. थंडगारच हवं असेल तर दुहेरी भिंतीची थर्मास पद्धतीची बाटली घ्या, वजन थोडं वाढेल एवढंच.

कातडं: इथे घाई करू नका

या कामाचं यश अर्ध्याहून जास्त कातड्याच्या निवडीवर आहे. ओलं करून बाटलीवर बसवलं आणि वाळल्यावर तोच आकार धरून राहिलं, असं कातडं हवं. हे फक्त झाडांच्या सालीत, फळांत कमावलेल्या कातड्याला जमतं. बाजारात त्याला व्हेज टॅन म्हणतात. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचं कातडंही असंच, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. बॅगा, जॅकेटं, सोफ्याची कव्हरं यांचं मऊ कातडं बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते लवकर तयार होतं, स्वस्त पडतं, वापरायलाही चांगलं असतं, पण ओलं करून आकार द्यायला निरुपयोगी. वाळलं की पुन्हा सपाट.

दुकानात ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. क्रोमच्या कातड्याच्या कडेला मध्यभागी निळसर-करडी झाक दिसते. व्हेज टॅन आरपार फिकट तपकिरी असतं. मग बोट ओलं करून गुळगुळीत बाजूवर एक थेंब टेकवा. व्हेज टॅन तो थेंब पिऊन टाकतं आणि तेवढी जागा गडद होते. वरून रंग किंवा पॉलिश मारलेलं असेल तर थेंब तसाच बसून राहतो. असं कातडं घेऊ नका. दुकानदाराला "काका, एक बारीक तुकडा भिजवून बघू का?" असं सरळ विचारा. कातडं विकणारी माणसं या प्रश्नावर रागावत नाहीत, उलट तुम्हाला काय हवंय ते त्यांना नीट कळतं.

जाडी २ मिमी. दीड मिमीचं लेचंपेचं होतं, तीनचं नवख्या हाताला वळत नाही. चपलेच्या तळव्याचं कातडं तर त्याहून ताठ, ते नकोच. आपल्याकडे म्हशीचं कातडं सहज मिळतं. त्याचा दाणा जरा भरड असतो, पण या कामाला मजबूत. पाठीचा भाग मागा, पोटाचा नको, कारण पोटाकडचं कातडं एका जागी जास्त ताणतं, एका जागी कमी. अंगासाठी दोन चौरस फूट भरपूर झालं. खांद्याचा पट्टा सव्वा मीटर लांब लागतो, तेवढी सलग लांबी त्या तुकड्यातून निघणार नाही. पट्ट्याची वादी वेगळी कापून घ्या किंवा तयार घ्या.

पितळी बक्कल, डी-रिंगा, गुंडी असलं सामान पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास बघा. लोखंडाला पितळी मुलामा दिलेल्या वस्तूही पितळी म्हणूनच विकल्या जातात, त्यामुळे खिशात एक छोटं चुंबक ठेवा. चिकटलं तर परत ठेवा. याचं कारण पुढे येतं.

अवजारं

दोन बोथट टोकाच्या शिलाईच्या सुया, ०.८ मिमीचा मेण लावलेला पॉलिएस्टर दोरा, सरळ आरी (मोच्याकडे असते ती आकडीवाली नव्हे), ४ मिमी अंतराचे दाते असलेली टोचणी, लाकडी हातोडा, धारदार रापी किंवा जाड पात्याचा कटर, स्टीलची पट्टी, चपलांना वापरतात ते पिवळं रबरी सोल्यूशन, मधमाशांच्या मेणाचा एक खडा. शिवाय एक इंच रुंद, पाव मीटर लांब अशा दोन लाकडी पट्ट्या आणि तीन सी-क्लॅम्प. क्लॅम्प नवे घ्यायची गरज नाही; बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात चांगले दणकट मिळून जातात.

मेण काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं.

कागदावर आधी

कातड्याला हात लावण्याआधी जाड कार्डशीटवर नमुना कापा. हिशेब असा: बाटलीच्या व्यासात कातड्याची जाडी मिळवा आणि ३.१४ नं गुणा. ७३ अधिक २ म्हणजे ७५, म्हणजे घेर सुमारे २३६ मिमी. कातडं बाटलीभोवती गुंडाळल्यावर दोन्ही कडा एकमेकींना आतून चिकटून पाखासारख्या बाहेर उभ्या राहणार आहेत, तिथेच शिवण येणार. म्हणून दोन्ही बाजूंना २० मिमी आणि वळणासाठी थोडं, अशी एकूण रुंदी २९० मिमी घ्या. जास्तीचं नंतर कापता येतं. उंची: खांद्यापर्यंतचे १९० अधिक तळाच्या खोबणीचे १५, म्हणजे २०५ मिमी.

शिवण पाखासारखी बाहेर ठेवण्यामागे कारण आहे. कडा एकीवर एक चढवून शिवायला गेलात तर एक सुई नळीच्या आत अडकते आणि नवखा माणूस तिथेच कंटाळतो. बाहेरच्या पाखाला दोन्ही बाजूंनी सुई पोचते. शिवाय खांद्याच्या पट्ट्याची एक रिंग याच पाखात पक्की बसते.

तळासाठी ११० मिमी व्यासाची गोल चकती. दोन रिंगांसाठी २० मिमी रुंद, १०० मिमी लांब असे दोन तुकडे. बाटली धरून ठेवणाऱ्या वादीसाठी १५ मिमी रुंद पट्टी. तिची लांबी बाटलीच्या झाकणावरून सुतळी टाकून मोजा. सगळे तुकडे कातड्यावर मांडून बघा, डाग आणि ओरखडे चुकवा, मगच कापा. रापी एका दमात ओढा. करवतीसारखी पुढे-मागे नेलीत की कड फाटल्यासारखी दिसते.

भिजवणं आणि आकार देणं

हा या कामाचा सगळ्यात सुंदर भाग. आणि इथेच एक नियम कडक पाळायचा: कातड्याला ओल्या अवस्थेत लोखंड लागता कामा नये. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिसळून काळी शाई करायची जुनी रीत तुम्हाला माहीत असेल. व्हेज टॅन कातड्यात तोच प्रकार घडतो: सालीतला तुरट अंश लोखंडाला भेटला की काळा डाग पडतो, आणि तो धुऊन जात नाही. लोखंडी घमेल्यात कातडं भिजवू नका, प्लॅस्टिकचा टब घ्या. बक्कल आणि रिंगा पितळी घ्यायला सांगितल्या त्या यासाठीच.

बाटलीभोवती आधी पातळ कार्डशीटचा एक वेढा द्या आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळा. कातडं वाळताना किंचित आवळतं. हा वेढा नंतर काढला की बाटली आत-बाहेर सरकायला जागा राहते.

पाणी कोमट. कढत पाण्यात कातडं आक्रसतं आणि कडक, ठिसूळ होतं. तुकडा बुडवला की बुडबुडे यायला लागतील. बुडबुडे थांबले की बाहेर काढा, पाणी निथळू द्या आणि जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी बघा: गडद रंग जरासा उजळायला लागला असेल, पण हाताला अजून गार लागत असेल. हीच वेळ. थपथपीत ओल्या कातड्यावर आकार धरत नाही आणि जास्त वाळलं तर वळत नाही.

अंगठ्या, कडं, घड्याळ काढून ठेवा आणि नखं कापा. या घडीला कातडं इतकं मऊ असतं की नखाची चंद्रकोर उमटते आणि वाळल्यावर तशीच राहते. गुळगुळीत बाजू वर ठेवून कातडं बाटलीभोवती घ्या, खालच्या बाजूला १५ मिमी मोकळं सोडा, दोन्ही कडा जुळवा आणि तळहातांनी बाटलीकडून पाखाकडे दाबत या. मग पाखाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या अगदी बाटलीला खेटून लावा आणि क्लॅम्प आवळा. आधी मधला, मग वरचा-खालचा. स्टीलच्या चमच्याची पाठ घेऊन पट्टीच्या मुळाशी हलकेच दाबत गेलात की बाटलीची गोलाई स्पष्ट उठून येते.

आता सावलीत, पंख्याखाली ठेवा. उन्हात नाही, हेअर ड्रायरनं तर मुळीच नाही. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत दुसऱ्या दिवशी हाताला कोरडं लागेल. पावसाळ्यात दोन-तीन दिवस जाऊ द्या, आणि जमत असेल तर हे काम पावसाळ्यात काढूच नका. कातडं गालाला लावून बघा. गार लागलं तर आत अजून ओल आहे.

तोवर तळ. तळाची चकती म्हणजे एक उथळ वाटी, आणि ती उपडी बसते: वाटीचं तोंड खाली जमिनीकडे, पाठ वर बाटलीकडे. त्यामुळे शिवायची कड खाली उघडी राहते आणि सुई दोन्ही बाजूंनी पोचते. साच्यासाठी बाटलीच्या व्यासापेक्षा कातड्याच्या जाडीच्या दुपटीनं लहान काहीतरी शोधा, म्हणजे ७३ वजा ४, सुमारे ६९ मिमी. स्वयंपाकघरातली डब्यांची झाकणं मोजत जा, एखादं बरोबर बसतं. ओली चकती त्यावर मधोमध ठेवा, कडा खाली वळवा आणि सुती दोरीचे चार-पाच घट्ट वेढे द्या. कडेला चुण्या पडतील. चमच्याच्या पाठीनं त्या दाबून आजूबाजूला पसरवत राहा. दहा मिनिटं चिकाटीनं केलंत तर बहुतेक जिरतात. वाळल्यावर कड १२ मिमी ठेवून बाकी कापा आणि मधोमध ५ मिमीचं भोक पाडा.

बंद करण्याआधी

नळी बंद झाली की आत हात जात नाही, म्हणून आधी उरकायच्या गोष्टी: डाव्या बाजूच्या रिंगेचा तुकडा, मागची वादी आणि पुढची गुंडी. पाख उजव्या बाजूला धरून या तिन्ही जागा पेन्सिलीनं हलक्या खुणा करून ठरवा. पाख मागे आलं तर चालताना कमरेला बोचतं.

रिंगेचा तुकडा आणि वादी शिवून लावा, रिव्हेट ठोकू नका. रिव्हेटची आतली बाजू बाटलीवर ओरखडे पाडते. गुंडीला मात्र मागून स्क्रू असतोच. त्यावर पातळ कातड्याची टिकली चिकटवून टाका. वादीच्या टोकाला गुंडीच्या मानेएवढं गोल भोक पाडा आणि त्याला लागून ४ मिमीची चीर द्या, म्हणजे गुंडीचं डोकं त्यातून जातं आणि परत सुटत नाही.

शिवण

पाखाच्या दोन्ही आतल्या बाजू सँडपेपरनं खरखरीत करा, सोल्यूशन दोन्हीकडे पातळ लावा आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. मग जुळवा आणि लाकडी हातोड्यानं ठोका. एकदा चिकटलं की सरकवता येत नाही, म्हणून एका टोकापासून जुळवत जा. आता पाख १२ मिमी रुंदीचं कापा. वरच्या टोकाला तेवढं २० मिमी ठेवा, तिथे उजवी रिंग बसणार आहे. रिंगेचा तुकडा डी-रिंगेतून दुमडून पाखाच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून बसवा, म्हणजे एकाच शिवणीत सगळं अडकतं.

बाटलीच्या गोलाईपासून ३-४ मिमी बाहेर सरळ रेघ आखा आणि टोचणीनं खुणा करा. २०० मिमीच्या शिवणीवर ४ मिमी अंतरानं पन्नासेक टाके येतात. दोरा शिवणीच्या चौपट आणि वर हातभर, म्हणजे साधारण सव्वा मीटर. आरी प्रत्येक वेळी काटकोनातच गेली पाहिजे. ती तिरकी गेली तर पुढच्या बाजूची ओळ सरळ दिसते आणि मागची वाकडीतिकडी. फुटपाथवर बसणाऱ्या चर्मकार मामांचं काम जवळून बघा: दर दोन-चार भोकांनी ते आरीचं टोक मेणाच्या गोळ्यात खुपसतात. मेण लागलं की आरी जाड कातड्यातूनही अलगद निघते. त्यांना विचारलंत तर ते दाखवतातही. मात्र त्यांचा वेळ घेतलात तर त्याचे पैसे द्या, तो त्यांच्या रोजगाराचा वेळ आहे.

दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई. पहिल्या भोकातून दोरा ओढून दोन्ही बाजूंना सारखा करा. पुढच्या भोकात आधी डावी सुई घाला आणि दोरा थोडा ओढून घ्या. मग त्याच भोकात उजवी सुई, पहिल्या दोऱ्याच्या मागच्या बाजूनं. दुसरी सुई पहिल्या दोऱ्याच्या आरपार जाऊ देऊ नका, नाहीतर टाका आवळत नाही; त्यासाठी सुई घालताना पहिला दोरा मागे ओढून धरा. दोन्ही टोकं सारख्या जोरानं आवळा. क्रम कधीही बदलू नका. एका भोकाला डावी आधी आणि दुसऱ्याला उजवी आधी झाली की टाक्यांचा तिरपा कल बिघडतो, आणि तो लांबूनही दिसतो.

एवढा खटाटोप कशाला, मशीन का नको? मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत फक्त अडकलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. इथे प्रत्येक भोकातून दोन्ही टोकं आरपार गेलेली असतात. गडावर कातळाला घासून एखादा टाका तुटला तरी दुसऱ्या टोकाचा दोरा शिवण धरून ठेवतो.

शेवटी तीन भोकं उलट शिवत या, दोरा जवळून कापा आणि लायटरच्या आचेनं टोक वितळवून दाबून टाका.

तळाच्या वाटीला बाहेरून आणि कव्हरच्या खालच्या काठाला आतून सोल्यूशन लावून वाटी उपडी बसवा, कडा खालच्या काठाला जुळवा आणि काठापासून ५ मिमीवर गोल शिवा. पाखाचा खालचा कोपरा आधी गोल कापून घ्या. पाख जिथे सुरू होतं तिथे दोन कडांच्या मधली फट असते. भोक त्या फटीत येऊ देऊ नका, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक घ्या.

कडा, तेल, पट्टा

कडांवर आधी बारीक सँडपेपर, मग बाभळीच्या डिंकाचं पातळ पाणी, मग जीन्सच्या जाड तुकड्यानं भराभर घासणं. कड गरम होऊन काचेसारखी चकाकायला लागते. पाखाच्या कडेला यासाठी वेळ द्या, कारण बघणाऱ्याची नजर तिथेच जाते.

तेल अगदी थोडं. एरंडेलाचे काही थेंब सुती फडक्यावर घेऊन सगळीकडे एकसारखे फिरवा आणि एक रात्र मुरू द्या. जास्त तेलानं कातडं मऊ पडतं आणि कमावलेला आकार ढिला होतो. दुसऱ्या दिवशी मेण आणि तेल गरम पाण्यावर ठेवलेल्या वाटीत एकत्र वितळवा, गार झाल्यावर बोटानं चोळा आणि कोरड्या फडक्यानं पुसा. मेणाची वाटी थेट गॅसवर ठेवू नका, ते पेट घेतं. रंग द्यायची गरज नाही. ऊन, हात आणि तेल यांनी हे कातडं आपसूक मधासारखं गडद होत जातं.

पट्टा २० मिमी रुंद, एका बाजूला पितळी बक्कल. भरलेली बाटली किलोच्या आसपास जाते, तेव्हा पट्टा खांद्यावरून तिरका घाला आणि बाटली कमरेच्या थोडी वर येईल असं भोक निवडा. सिंहगडाच्या पायवाटेवर बाटली मांडीवर आपटत राहिली तर अर्ध्या वाटेत जीव मेटाकुटीला येतो.

पावसाळ्यात कव्हर प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही कोंडू नका. सुती कापडात गुंडाळून हवेशीर ठेवा. बुरशीची पांढरी बुक्की दिसली तर बाहेर नेऊन कोरड्या फडक्यानं झटका, निम्मं पाणी घातलेल्या व्हिनेगरनं पुसा, सावलीत वाळवा आणि पुन्हा हलकं मेण लावा.

पहिलं कव्हर जमलं की अनेकांना फिरकीच्या तांब्याला कव्हर करावंसं वाटतं. कसब्यातल्या तांबट आळीत ठोक्यांचं मठारकाम केलेली तांब्याची भांडी बघितली की तो मोह होणारच. मात्र तांब्याचं पोट गोल असतं, एका सपाट तुकड्यात ते बसत नाही. संत्र्याच्या फाकांसारखे सहा तुकडे कापून ते एकमेकांना जोडावे लागतात, आणि आधी कागदाचा नमुना दोन-तीनदा बदलावा लागतो. आणि तांबं या धातूला कातड्यातलं तेल लागलं की हिरवट चिकट थर धरतो, म्हणून आतून जाड सुती कापडाचं अस्तर नक्की शिवा.